रेडिएटर नसलेली खोली

मी इंग्लंडात लीड्सला राहते आणि इमारतींच्या उष्णतेचे हिशोब करते. हिवाळ्यात घराच्या भिंतींतून, खिडक्यांतून, छपरातून किती उष्णता बाहेर जाते याचं संगणकावर मॉडेल करायचं आणि त्यावरून इन्सुलेशन कुठे घालायचं, हीट पंप केवढा लागेल, रेडिएटर बदलायचे की नाही हे सांगायचं, असं काम. बैठकीची खोली, झोपायची खोली, न्हाणीघर यांचा त्रास नसतो. तिथे थर्मोस्टॅट आहे, २१ अंश म्हणजे २१ अंश. वेळ जातो तो ज्या खोल्यांत कुणी राहत नाही त्यांच्यावर. तळघर, छपराखालचा माळा, घराला चिकटलेलं गॅरेज, फ्लॅटच्या इमारतीतला सामाईक जिना, पुढच्या दाराशी नंतर जोडलेला काचेचा पोर्च. यांना रेडिएटर नाही, पण ती बाहेरची हवाही नव्हेत. घराची एक बाजू त्यांना लागून आहे आणि त्या बाजूने उष्णता सतत जात असते. किती जाते हे त्या खोलीच्या तापमानावर ठरतं आणि तेच कुणाला ठाऊक नसतं.

घाईत असलेला माणूस यातून तीन पळवाटा काढतो. पहिली, मधल्या भिंतीतून काहीच जात नाही असं मानायचं; सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक तयार पर्याय असतो, एक टिचकी आणि विषय संपला. दुसरी, ती खोली नाहीच असं समजून मधली भिंत थेट बाहेरच्या थंडीत उघडी आहे असं धरायचं. तिसरी, कोष्टकातून एक गुणक उचलायचा. तिन्ही पळवाटा कधीकधी बरोबर ठरतात, ही खरी पंचाईत. कधी बरोबर आणि कधी नाही, हे कळायला त्या खोलीत उतरून बघावं लागतं.

माझी सुरुवात पुण्यात एअर कंडिशनिंगच्या एका कन्सल्टन्सीत झाली. तिथे ई-२० नावाचा तक्ता भरायचा असे. कॅरिअर कंपनीच्या पद्धतीचा हा तक्ता आपल्याकडच्या हिशोबनिसांच्या दोन-तीन पिढ्यांनी भरला आहे; आधी कागदावर, मग एक्सेलमध्ये. त्यात पार्टिशनची एक ओळ असते. म्हणजे एसी असलेली खोली आणि एसी नसलेली खोली यांच्या मधली भिंत. बाहेर १०४ फॅरनहाइट, आत ७५, फरक २९. पार्टिशनसाठी यातून ५ वजा करायचे, राहिले २४. पलीकडच्या खोलीत किचन असो, बंद स्टोअर असो की पश्चिमेकडे काचा असलेला पॅसेज असो, पाचच वजा. मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "अगं, त्या ओळीने टनेज बदलत नाही. पाच वजा कर आणि पुढे चल." मोठ्या ऑफिसच्या इमारतीत काच, माणसं आणि ताजी हवा यांचाच भार इतका असतो की त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण त्या पाचचा उगम काय, हे मला लीड्सला येऊन तळघरात उतरेपर्यंत नीट समजलं नव्हतं.

उगम साधा आहे. न तापवलेल्या खोलीचं तापमान कुणी ठरवत नाही, ते दोन गळत्यांच्या ओढाताणीत ठरतं. घरातून त्या खोलीत उष्णता येते आणि त्या खोलीतून बाहेर जाते. जी वाट मोठी, तिच्या बाजूला तापमान झुकतं. आयएसओ १३७८९ या मानकात हेच 'बी' या गुणकाने मांडलं आहे: खोलीतून बाहेर जाणारी गळती भागिले दोन्ही गळत्यांची बेरीज. समजा घरातून खोलीत दर अंशाला ३० वॉट जातात आणि खोलीतून बाहेर ९० वॉट. बी आला ०.७५. घरात २० अंश आणि बाहेर शून्य असेल, तर ती खोली ५ अंशांवर स्थिरावेल आणि घर तिच्या वाटे ४५० वॉट गमावेल.

आता मधल्या भिंतीत चांगलं इन्सुलेशन घाला. ३० चे १० झाले. बी तिथेच थांबत नाही, तो ०.९ वर चढतो. खोली २ अंशांवर उतरते आणि गळती १८० वॉट होते. पण ज्याने कोष्टकातला ०.७५ तसाच ठेवला तो १५० लिहील आणि बचत आहे त्यापेक्षा जास्त दाखवेल. मला या विषयात सर्वांत जास्त खटकतं ते हेच. घराची दुरुस्ती केली की शेजारच्या थंड खोलीचं तापमानही बदलतं, आणि बहुतेक अहवालांत ते दुरुस्तीआधी आणि दुरुस्तीनंतर एकच असतं.

कोष्टकं वाईट नाहीत. ईएन १२८३१ या युरोपीय मानकाच्या २००३ च्या आवृत्तीतलं कोष्टक मला अजून तोंडपाठ आहे. न तापवलेल्या खोलीला बाहेरची एकच भिंत असेल तर ०.४, दोन असतील तर ०.५, दोन भिंती आणि बाहेर उघडणारं दार असेल तर ०.६, तीन भिंती असतील तर ०.८. तळघराला खिडकी किंवा बाहेरचं दार नसेल तर ०.५, असेल तर ०.८. ब्रिटनची सॅप ही घरांच्या ऊर्जेच्या हिशोबाची पद्धत हेच वेगळ्या वाटेने करते: मधल्या भिंतीच्या रोधात आणखी थोडा रोध मिळवायचा. गॅरेजसाठी तिथे दोन-दोन आकडे आहेत. इन्सुलेशनची रेषा गॅरेजच्या बाहेरून जाते की गॅरेज आणि घर यांच्या मधून, त्यावर कोणता घ्यायचा ते ठरतं. म्हणजे ज्यांनी ही कोष्टकं केली त्यांना ओढाताण ठाऊक होती. वापरणारे विसरले.

आता तळघराबद्दल. लीड्समध्ये व्हिक्टोरियन काळातल्या विटांच्या घरांच्या, चाळींसारख्या, रांगाच्या रांगा उभ्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच घरांखाली तळघर आहे. एका भागात कोळसा पडायचा, रस्त्याच्या कडेच्या झाकणातून थेट आत. दुसऱ्या भागात दगडी ओटा. फ्रीज नव्हता तेव्हा दूध, लोणी, मांस त्या ओट्यावर ठेवत. ही खोली थंड राहावी म्हणूनच बांधलेली होती. तीन बाजूंनी जमीन असल्याने वर्षभर ती सरासरी तापमानाच्या आसपास घुटमळते, आणि लीड्सची वर्षाची सरासरी दहाएक अंश आहे.

अशा एका घरात हीट पंप बसवायचा होता. घर एका सत्तरी ओलांडलेल्या बाईंचं. हीट पंपवाल्याने तळघर म्हणजे बाहेरच, असं धरून बैठकीच्या खोलीचा हिशोब केला होता. फळ्यांची जमीन, २८ चौरस मीटर, यू-व्हॅल्यू (म्हणजे दर चौरस मीटरला, दर अंशाला किती वॉट जातात) साधारण १.५. आत २१ आणि बाहेर उणे ३ असं धरलं की एकट्या जमिनीतून हजार वॉट. मी जानेवारीत तळघरात तापमान नोंदणारे दोन लॉगर टांगले, एक ओट्यापाशी आणि एक फळ्यांच्या खाली. बाई जिन्याच्या वरूनच म्हणाल्या, "तिथे काय मोजणार, लव्ह? तिथे काहीच नाही." यॉर्कशरमध्ये अनोळखी माणसालाही लव्ह म्हणतात, मला आता सवय झाली आहे. बाहेर शून्याच्या आसपास असताना लॉगर ११ दाखवत होता, रात्री आणि दिवसा जवळजवळ सारखाच. त्या हिशोबाने जमिनीतली गळती हजार नव्हे, ४२० वॉट होती. त्यावर एका सहकाऱ्याने लगेच रेडिएटर लहान करायची तयारी केली.

पण तळघरात काहीच नाही, हे खरं नव्हतं. तिथे गॅसचा जुना बॉयलर होता आणि त्याचे उघडे तांब्याचे पाइप छतालगत घरभर जात होते. तळघराचे ते ११ अंश काही प्रमाणात त्या बॉयलरची देणगी होते. हीट पंप आला की बॉयलर जाणार, म्हणजे ज्या कामासाठी मी मोजत होते तेच काम मोजमाप रद्द करणार होतं. मॉडेलमध्ये बॉयलरच्या आणि पाइपांच्या अंगची उष्णता शून्य केली तेव्हा तळघर आठ अंशांच्या आसपास उतरलं. लॉगरने सांगितलेलं खरं होतं, पण ते आजच्या घराबद्दल होतं आणि आम्हाला हिशोब पुढच्या वर्षीच्या घराचा करायचा होता.

शेवटी जमिनीच्या फळ्यांखाली तुळयांच्या मधे लोकर भरायचं ठरलं आणि यू-व्हॅल्यू ०.२ वर आणायचं. त्यानंतर तळघर आठ आहे की सहा, याने बैठकीच्या खोलीला काही फरक पडत नाही; गळती शंभर वॉटच्या आत. मात्र तळघराला फरक पडतो. हवा थंड झाली की तिची सापेक्ष आर्द्रता वाढते. भिंतीत घुसलेल्या तुळयांची टोकं आता वरून ऊब मिळत नसल्याने थंड आणि ओलसर राहू शकतात. नळाचे पाइप गुंडाळायला हवेत. बाईंच्या ओट्यावरच्या खोक्यांत जुने कपडे होते, ते वर हलवायला सांगितलं. जिन्याच्या तोंडाशी असलेल्या दाराला फट बुजवणारी पट्टी लावली, कारण लोकर भरूनही दाराखालून वारा वर येत राहिला असता. ही यादी मॉडेलमधून आली. तळघराला मॉडेलमध्ये स्वतंत्र झोन, म्हणजे स्वतःचं तापमान असलेली वेगळी खोली, केलं नसतं तर यातलं काही दिसलं नसतं.

माळ्याचंही असंच, थोडक्यात सांगते. छताच्या वर २७० मिलिमीटर लोकर पसरली की माळा जवळजवळ बाहेरच्या हवेइतका थंड होतो. म्हणून जुन्या घरांत माळ्यावर पाण्याची टाकी असेल तर तिच्या खाली लोकर घालत नाहीत, तेवढा चौकोन मोकळा सोडतात, म्हणजे घरातली थोडी ऊब टाकीला पोचते आणि पाणी गोठत नाही. एखाद्या प्लंबरला बी गुणक माहीत नसतो, पण हा चौकोन सोडायला तो विसरत नाही.

आमच्या धंद्यात पहिल्या पळवाटेचा, म्हणजे 'इथून काहीच जात नाही' या गृहीतकाचा, सगळ्यात बोलका धडा लीड्सच्याच माणसांनी दिला. मँचेस्टरजवळ आल्ट्रिंगममध्ये स्टॅमफर्ड ब्रुक नावाची वसाहत नॅशनल ट्रस्टच्या जमिनीवर बांधली गेली. त्या वेळच्या नियमांपेक्षा चांगली घरं बांधायची आणि ती मोजायची, असा बेत होता. मोजायचं काम लीड्स मेट्रोपॉलिटन विद्यापीठाकडे होतं. ते आता लीड्स बेकेट म्हणून ओळखलं जातं. त्यांनी को-हीटिंगची चाचणी केली. रिकाम्या घरात विजेचे हीटर आणि पंखे लावायचे, घर दिवसेंदिवस एकाच तापमानाला ठेवायचं, आणि किती वीज लागली ते आतल्या-बाहेरच्या तापमानाच्या फरकाशी ताडून बघायचं. वीज हिशोबापेक्षा बरीच जास्त लागली. भिंती, खिडक्या, हवेची गळती सगळं तपासून झालं तरी मोठा फरक उरला.

तो सामाईक भिंतीत सापडला. दोन जोडघरांच्या मधली भिंत दुहेरी असते, मधे काही सेंटिमीटरची पोकळी. दोन्ही बाजूंना तापवलेली घरं, मग त्यातून उष्णता कुठे जाणार? म्हणून सगळ्या हिशोबांत या भिंतीचं यू शून्य धरलेलं. तर्क बिनतोड वाटतो. पण पोकळी खालून आणि कडांनी बाहेरच्या हवेशी जोडलेली होती आणि वर माळ्यापर्यंत जात होती. दोन घरांच्या ऊबेने तिच्यातली हवा तापे, वर चढे, माळ्याच्या बाजूने निघून जाई आणि तिच्या जागी खालून थंड हवा येई. दोन घरांच्या मधोमध एक धुराडं, फक्त धूर नव्हता. पोकळीसुद्धा एक न तापवलेली खोली होती, इतकी अरुंद की ती कुणाला खोली वाटली नाही. रॉबर्ट लोव, जेझ विंगफील्ड, माल्कम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हे शोधनिबंधात मांडलं. २०१० च्या इंग्लंडमधल्या इमारत-नियमांत आकडे आले: पोकळी रिकामी आणि कडा उघड्या असतील तर यू ०.५, कडा बंद केल्या असतील तर ०.२, पोकळी पूर्ण भरून कडाही बंद असतील तरच शून्य. आज ब्रिटनमध्ये नव्या जोडघरांच्या सामाईक भिंती भरलेल्या असतात त्याचं कारण हे.

गंमत अशी की अमेरिकेत प्रिन्स्टनच्या संशोधकांना १९७० च्या दशकात न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीत असंच काही दिसलं होतं. तिथे माळा हिशोबापेक्षा फार उबदार निघाला, कारण इन्सुलेशनला वळसा घालून घरातली हवा सामाईक भिंतींतल्या आणि पाइपांच्या भोवतालच्या वाटांनी वर जात होती. माळ्याचं तापमान हे तिथे दुखणं शोधायचं साधन ठरलं. न तापवलेली खोली हिशोबापेक्षा उबदार लागली तर आनंद मानू नये, घरातली उष्णता कुठल्या तरी अनोळखी वाटेने तिथे येते आहे. हे मी आता नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगते.

उलट टोकाचं उदाहरण लंडनमधल्या नव्या उंच इमारतींत भेटतं. तिथे प्रत्येक फ्लॅटला बॉयलर नसतो. तळाशी एक मोठं यंत्रघर आणि गरम पाण्याचे पाइप मजल्यामजल्यावरच्या पॅसेजच्या छतातून फिरवलेले. नकाशावर पॅसेजला 'न तापवलेला' असा शिक्का. मॉडेलमध्येही तसाच. पाइपांना लोकर गुंडाळलेली असते, तरी मीटरमागे दहा वॉट सुटतात असं धरा. चाळीस मीटरच्या पॅसेजमध्ये जाणारा आणि येणारा असे ऐंशी मीटर पाइप म्हणजे आठशे वॉट, रात्रंदिवस, जूनमध्येसुद्धा, कारण अंघोळीचं गरम पाणी बारा महिने लागतं. पॅसेजला खिडकी नाही. अशा एका इमारतीत मी गेले तेव्हा पॅसेज फ्लॅटपेक्षा गरम होता. तापमानांवरून काढलेला बी गुणक इथे ऋण येतो: उष्णता पॅसेजमधून फ्लॅटमध्ये शिरते आणि फ्लॅटवाले उन्हाळ्यात झोप येत नाही म्हणून तक्रार करतात. सिब्झी या अभियंत्यांच्या संस्थेने २०१७ च्या टीएम ५९ मध्ये अशा पॅसेजची दखल घेतली. पॅसेज वर्षातल्या ३ टक्क्यांहून जास्त तासांत, म्हणजे ८७६० पैकी २६२ हून जास्त तास, २८ अंशांच्या वर गेला तर तो धोका म्हणून नोंदवायचा. माझ्या मते ही मर्यादा बरीच सैल आहे, पण निदान पॅसेजचं तापमान छापावं लागतं.

पुण्याला गेले की हीच ओढाताण उलटी फिरलेली दिसते. तिथे न तापवलेली नव्हे, न थंडावलेली खोली. तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एसी एका बेडरूमला, फार तर दोन. ती बेडरूम घ्या: तीन बाय साडेतीन मीटर, उंची दोन पूर्णांक नऊ. बाहेरची भिंत एकच, पावणेनऊ चौरस मीटर. आतल्या तीन भिंती मिळून २९, वरचा आणि खालचा स्लॅब मिळून २१. म्हणजे एसीने थंड केलेल्या खोलीला बाहेरच्या उन्हापेक्षा इमारतीतल्याच गरम खोल्यांचा शेजार जवळजवळ सहापट मोठा. त्यात आतल्या भिंती चार इंची. भारतातल्या राहत्या इमारतींसाठीच्या इको निवास संहितेच्या २०१८ च्या पहिल्या भागात भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेच्या आरईटीव्ही या मापाला मर्यादा आहे, दर चौरस मीटरला १५ वॉट, आणि ती इमारतीच्या बाहेरच्या कवचाची परीक्षा घेते. ते आवश्यकच आहे. पण रात्री दहा वाजता हॉल ३२ अंशांवर आणि वरच्या फ्लॅटमधली खोली तितकीच तापलेली असताना त्या एसीचा कॉम्प्रेसर कशाशी झुंजतो आहे, हे त्या आकड्यातून कळत नाही. माझ्या सरांचे ते पाच फॅरनहाइट मोठ्या ऑफिसात चालून गेले. एका बेडरूमच्या हिशोबात पार्टिशनची ओळच सगळ्यात मोठी असू शकते.

मॉडेल करणाऱ्यांसाठी एवढंच मागणं आहे. एनर्जीप्लससारख्या सॉफ्टवेअरमध्ये यंत्र न जोडलेला झोन काढायला अर्धा तासही लागत नाही. त्याचं तापमान मग सॉफ्टवेअर तासातासाला स्वतः काढतं. त्या झोनमध्ये हवा किती येते-जाते, कोणते पाइप जातात, कोणतं दार दिवसभर उघडं असतं हे जाग्यावर जाऊन बघून भरा. आणि अहवालात राहत्या खोल्यांच्या तक्त्याखाली आणखी एक तक्ता द्या: प्रत्येक न तापवलेल्या खोलीचं जानेवारीतलं तापमान, दुरुस्तीआधी आणि दुरुस्तीनंतर. घरमालकांनीही तो तक्ता मागून घ्यावा. अहवालात तो नसेल, तर त्या अहवालातल्या बचतीच्या आकड्यावर पैसे खर्च करू नयेत.